कोठीपोटातल्या जंतूंविषयी : वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यकांची उत्तरे

गाय, म्हैस, बैल, शेळी यांच्या पोटातले उपयोगी जंतू आणि जनावराचे पचन याविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. पत्रे थोडक्यात दिली आहेत.

फॅट का घसरली?

*संकरित गाई आहेत. दूध वाढावं म्हणून कडबा निम्म्यावर आणला आणि मक्याचा भरडा व गोळी पेंड वाढवली. दूध लिटरभर वाढलं, पण फॅट ४.० वरून ३.१ वर आली. दुधात पाण्याचा थेंबही घालत नाही. मग असं का? – दूध उत्पादक, फलटण*

कडब्यातला तंतुमय भाग फोडणारा पाचकरस गाईच्या शरीरात तयारच होत नाही. ते काम कोठीपोटातले, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या चार पोटांपैकी पहिल्या आणि सर्वांत मोठ्या पोटातले, जंतू करतात. मोठ्या गाईचे कोठीपोट १०० ते २०० लिटरचे असते. त्यातल्या एका मिलिलिटर रसात हजार कोटींच्या वर जिवाणू, लाखाच्या घरात प्रोटोझोआ (एकपेशीय सूक्ष्म जीव) आणि शिवाय बुरशी असते. चारा कुजवून हे जंतू ॲसेटिक, प्रोपिओनिक आणि ब्युटिरिक ही आम्ले तयार करतात. ती कोठीपोटाच्या भिंतीतून थेट रक्तात जातात आणि गाईला लागणाऱ्या ऊर्जेपैकी ७० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा त्यांतूनच मिळते. गाईने ऊब, ओलावा आणि दळलेला चारा पुरवायचा, जंतूंनी तो पचवायचा, असा हा व्यवहार आहे.

दुधातली फॅट मुख्यतः ॲसेटिक आम्लापासून बनते आणि ते कडबा, गवत यांतून जास्त मिळते. मक्यातून प्रोपिओनिक जास्त मिळते. त्याने दूध वाढते, फॅट वाढत नाही. तुमच्याकडे आणखी एक गोष्ट घडली आहे. कडबा कमी झाला, त्यामुळे रवंथ कमी झाले, त्यामुळे लाळ कमी झाली. मोठी गाय दिवसाला १०० लिटरहून अधिक लाळ गिळते आणि त्या लाळेतला सोडा कोठीपोटातली आम्लता आवरून धरतो. तिथला सामू (पीएच; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) ६ च्या खाली गेला की तंतू पचवणारे जिवाणू थंडावतात. शिवाय चाऱ्यातल्या तेलावरची जंतूंची प्रक्रिया अर्धवट राहते आणि त्यातून तयार झालेली काही मेदाम्ले कासेत फॅट बनण्यालाच अडथळा करतात.

दिवसाच्या एकूण कोरड्या घटकांपैकी किमान ४० टक्के, जमल्यास निम्मे, वैरणीतून येऊ द्या. १२ ते १५ लिटर देणाऱ्या ४०० किलोच्या गाईला १२ ते १४ किलो कोरडा घटक लागतो. १५ किलो हिरवी मका किंवा नेपिअर आणि ४ किलो कडबा एवढ्यात त्यातला निम्मा भाग भागतो. कुटी एक ते दीड इंचाची ठेवा. भुशासारखी बारीक कुटी गाय चावत नाही. मका भरडा, पीठ करू नका. रोजचा खुराक तीन-चार वेळांत विभागा आणि सकाळी आधी वैरण, मग पेंड टाका. जोडीला १०० ते १५० ग्रॅम खाण्याचा सोडा आंबोणात मिसळा. फॅट दोन-तीन आठवड्यांत सावरते. दूध किंचित कमी झाले तरी घाबरून पुन्हा भरडा वाढवू नका.

खाणे झाल्यावर दोन तासांनी गोठ्यात बसलेल्या गाई मोजा. निम्म्याहून अधिक गाई रवंथ करताना दिसायला हव्यात. एका गाईजवळ थांबून घास वर आल्यापासून गिळेपर्यंत ती किती वेळा चावते ते मोजा. ५० ते ६० वेळा चावत असेल तर ठीक, ४० च्या आत असेल तर वैरण कमी पडते आहे.

यीस्टची पाकिटे

*पशुखाद्याच्या दुकानात ‘पोटातले जंतू वाढवणारं’ यीस्ट मिळतं. घ्यावं का? – वाचक, संगमनेर*

जिवंत यीस्ट उपयोगी आहे, पण ते काय करते ते समजून घ्या. चाऱ्याबरोबर कोठीपोटात जाणारा थोडाफार प्राणवायू ते वापरून टाकते. तिथल्या बहुतेक जंतूंना प्राणवायू सोसत नाही, म्हणून त्यांना फायदा होतो. लॅक्टिक आम्ल खाऊन टाकणाऱ्या जिवाणूंनाही यीस्टमुळे जोर येतो. व्यायल्यानंतरचे पहिले दोन-अडीच महिने, खुराक जास्त असलेल्या गाई आणि कडक उन्हाळा, एवढ्या वेळी खर्च परवडतो. भाकड जनावराला किंवा नुसत्या वैरणीवरच्या बैलाला त्याची गरज नाही. पाकिटावर जिवंत पेशींची संख्या आणि मुदत छापलेली आहे का ते पाहा, मात्रा पाकिटावर असेल तीच द्या. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाने तापलेले किंवा गरम आंबोणात कालवलेले यीस्ट मेलेले असते. वैरण कमी आणि भरडा जास्त, हा दोष मात्र यीस्टने झाकला जात नाही.

पोळ्याचा बैल दुसऱ्या दिवशी बसला

*पोळ्याला बैलाला घरची पुरणपोळी दिली, गल्लीतल्या घरांनीही दिल्या. दुसऱ्या दिवशी त्याने चारा सोडला, पातळ आणि आंबूस वासाचं शेण टाकलं, चालताना झोकांड्या देत होता. डॉक्टरांनी सलाईन लावलं, वाचला. पुढच्या वर्षी काय करावं? – शेतकरी, हिंगोली*

याला कोठीपोटाची आम्लता म्हणतात. पोळ्याला, वसुबारसेला आणि लग्नसराईत उरलेला भात, पुऱ्या, मळलेली कणीक जनावरांपुढे टाकतात तेव्हा हा आजार हमखास दिसतो. प्रेमाने घातलेला घास जनावराच्या जिवावर बेतताना पाहणे फार वाईट असते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

कडबा पचवणारे जंतू सावकाश काम करतात. शिजलेले पीठ आणि गूळ मात्र काही तासांत आंबतो. अशा वेळी स्ट्रेप्टोकोकस जातीचे जिवाणू भराभर वाढतात आणि लॅक्टिक आम्ल सोडतात. नेहमीच्या आम्लांपेक्षा ते सुमारे दहापट तीव्र असते. सामू ५.५ च्या खाली आला की प्रोटोझोआ आणि तंतू पचवणारे जिवाणू मरू लागतात. लॅक्टिक आम्ल बनवणारे दुसरे जिवाणू, लॅक्टोबॅसिलस, त्या आम्लातही तग धरतात आणि सामू आणखी खाली नेतात. शरीरातले पाणी कोठीपोटात खेचले जाते, रक्त घट्ट होते, डोळे खोल जातात. पोटाची आतली कातडी भाजते. वाचलेल्या जनावरालाही पुढे खुरांची सूज आणि लंगडेपणा येऊ शकतो.

सणाच्या दिवशी सकाळी बैलांना आधी पोटभर कडबा घाला, रिकाम्या पोटी मिरवणुकीला नेऊ नका. नैवेद्य म्हणून घरच्या एक-दोन पोळ्या पुरे. बैल धरणाऱ्यालाच सांगून ठेवा, म्हणजे दारोदारी मिळणाऱ्या पोळ्या तो पिशवीत घेईल. त्या माणसांनी खाव्यात.

जास्त खाल्ल्याचे लगेच लक्षात आले तर सगळा खुराक बंद करा. पुढे फक्त कोरडा कडबा ठेवा, पाणी एकदम न देता थोडे थोडे द्या, जनावराला हळूहळू फिरवा. मोठ्या बैलाला १५० ते २०० ग्रॅम खाण्याचा सोडा ३ लिटर कोमट पाण्यातून सावकाश पाजता येतो. पाजताना जीभ ओढून धरू नका आणि मान फार वर करू नका. पाणी फुप्फुसात गेले तर दुसरेच संकट उभे राहते. आंबट ताक पाजण्याची पद्धत आहे, ती इथे टाळा. ताकात लॅक्टिक आम्लच असते. डाव्या भकाळीवर (बरगड्यांमागच्या खळग्यावर) मूठ दाबल्यावर आत पाणी हिंदकळल्यासारखे वाटले, शेण पाण्यासारखे झाले, पोट फुगले किंवा जनावर उठेनासे झाले, तर काहीही न पाजता डॉक्टरांना बोलवा. त्या टप्प्यावर शिरेतून सोडा आणि सलाईन द्यावे लागते, कधी कोठीपोट रिकामे करावे लागते.

सुबाभूळ आणि शेळ्यांचे केस

*बंदिस्त शेळीपालन आहे. बांधावर सुबाभूळ भरपूर, म्हणून पाला बहुतेक तोच. काही शेळ्यांचे केस गळतात, तोंडातून लाळ येते, दोघींच्या गळ्याखाली सूज आहे. करडंही अशक्त जन्मली. – शेळीपालक, सांगोला*

सुबाभळीचा पाला प्रथिनांनी भरलेला असतो, पण त्यात मिमोसिन नावाचे विष असते. कोवळ्या शेंड्यात ते सर्वांत जास्त असते. मिमोसिन केसांच्या मुळाशी होणारी पेशींची वाढ थांबवते, म्हणून केस गळतात. कोठीपोटातले बरेच जंतू मिमोसिन फोडतात, पण त्यातून डीएचपी नावाचा दुसरा पदार्थ तयार होतो. तो गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला आयोडीन वापरू देत नाही, म्हणून गळ्याखाली सूज येते आणि करडे अशक्त निपजतात. हा डीएचपी फोडणारे जंतू सगळ्याच जनावरांच्या पोटात पुरेसे नसतात.

हे उलगडले ते ऑस्ट्रेलियात. तिथल्या गुरांना सुबाभूळ बाधत असे, हवाई बेटांवरच्या शेळ्या मात्र तोच पाला खाऊन धडधाकट होत्या. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने तर्क केला की फरक शेळीत नाही, तिच्या कोठीपोटातल्या जंतूंत आहे. १९८० च्या दशकात हवाईतल्या शेळ्यांचे जंतू ऑस्ट्रेलियात आणून तिथल्या शेळ्या-गुरांच्या कोठीपोटात सोडले गेले आणि विषबाधा थांबली. काही जनावरांना दिलेले जंतू एकत्र चरणाऱ्या बाकीच्या कळपातही पसरले. त्यांतल्या एका जिवाणूला १९९२ मध्ये सिनर्जिस्टीस जोन्सिआय असे नाव देण्यात आले, ते जोन्स यांच्यावरूनच. एका जनावराचा आजार दुसऱ्याच्या पोटातल्या जंतूंनी कायमचा घालवल्याचे याहून स्वच्छ उदाहरण आम्हाला माहीत नाही.

तुमच्या कळपाला दोन-तीन आठवडे सुबाभूळ पूर्ण बंद करा. केस पुन्हा येतात. नंतर एकूण चाऱ्याच्या दहाव्या हिश्श्यापासून सुरू करा, तीन-चार आठवड्यांत वाढवत न्या आणि ३० टक्क्यांच्या वर जाऊ नका. बाकी शेवरी, दशरथ घास, बोर-बाभळीचा पाला आणि ज्वारीचा कडबा ठेवा. गाभण शेळ्यांना सुबाभूळ अगदी थोडा द्या, शेवटच्या दोन महिन्यांत नकोच. पाला सुकवून दिला की बाधत नाही असे सांगतात, ते अर्धेच खरे आहे. तोडलेल्या, सुकलेल्या पाल्यात मिमोसिनचे काही प्रमाणात डीएचपी होते. केस वाचतील, गळा वाचेलच असे नाही. आयोडीनयुक्त खनिज मिश्रण चालू ठेवा, पण सगळा भार त्याच्यावर टाकू नका.

वर्षानुवर्षे सुबाभूळ खाऊन निरोगी असलेल्या कळपातल्या एक-दोन शेळ्या विकत मिळाल्या तर जरूर घ्या. आधी तीन आठवडे वेगळ्या ठेवा, पीपीआर या शेळ्यांच्या साथीच्या रोगाची लस झालेली आहे याची खात्री करा, मग एकाच गव्हाणीत सोडा. लाळेतून, चाऱ्यातून ते जंतू बाकीच्यांत जातील. जंतू आल्यावर पाला बरेच महिने बंद ठेवू नका. खाद्य मिळाले नाही की त्यांची संख्या घटते आणि पुन्हा एकदम पाला टाकल्यावर तीच बाधा होते.

वासराला कडबा कधी?

*वासरू दहा दिवसांचं आहे. आईजवळ ठेवायचं नाही असं ठरवलं आहे. त्याला वैरण कधी सुरू करू? – वाचक, कोपरगाव*

जन्मलेल्या वासराचे कोठीपोट लहान आणि निकामी असते. दूध अन्ननलिकेच्या टोकाच्या खोबणीतून थेट चौथ्या पोटात जाते. कोठीपोटाच्या भिंतीवरची बोटांसारखी वाढ ब्युटिरिक आम्लाने होते आणि ते आम्ल धान्य आंबल्यावरच तयार होते. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून वासरांचा खुराक, म्हणजे काफ स्टार्टर, चिमूटभर तोंडात लावून सुरू करा. ताजे पाणी समोर ठेवा. बादलीतल्या दुधात पाणी मिसळून ते भागत नाही, कारण दूध कोठीपोटात जातच नाही. मऊ वाळलेले गवत थोडे थोडे द्या, नुसत्या गवतावर मात्र ठेवू नका. सलग तीन दिवस रोज किलोभर खुराक खाऊ लागले की दूध तोडता येते.

जिवाणू चाऱ्यातून, हवेतून, भांड्यांतून आपोआप येतात. प्रोटोझोआ मात्र मोठ्या जनावराच्या ताज्या लाळेतूनच येतात, सुकले की मरतात. वासरू वेगळे ठेवणार असाल तर दोन महिन्यांनंतर एखाद्या निरोगी, तपासलेल्या गाईशेजारी बांधा, एकमेकांना चाटता येईल एवढे जवळ.

औषधानंतर रवंथ बंद

*गाईला ताप होता. मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणून चार दिवस तोंडाने पाजल्या. ताप गेला, पण आठवडा झाला तरी गाय नीट खात नाही, रवंथ नाही. – वाचक, शिरूर*

रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराला अँटिबायोटिक तोंडाने देऊ नये. ते कोठीपोटातच सांडते आणि तिथले जंतू मारते. ताप पुन्हा आला तर डॉक्टरांकडून इंजेक्शनच घ्या.

आता निरोगी जनावराच्या कोठीपोटातला रस या गाईला देणे हा सर्वांत चांगला उपाय आहे. हे काम डॉक्टरांकडून करून घ्या. तयारी तुम्ही करू शकता. रस देणारी गाय त्याच प्रकारच्या चाऱ्यावरची, औषध न घेतलेली, ब्रुसेलोसिस (सांसर्गिक गर्भपात), क्षय आणि जोन्स आजार (आतड्याचा जुनाट संसर्ग; वरच्या शास्त्रज्ञ जोन्स यांच्याशी संबंध नाही) यांसाठी तपासलेली हवी. पोटात नळी घालून रस काढतात. सुरुवातीचा भाग लाळमिश्रित असतो, तो टाकून द्यावा. परवानाधारक कत्तलखान्यातून म्हशीच्या किंवा शेळ्या-मेंढ्यांच्या कोठीपोटातला ताजा रसही चालतो. दुहेरी फडक्यातून गाळा. ३९ अंशांच्या कोमट पाण्याने आधी तापवलेल्या थर्मासमध्ये काठोकाठ भरा, वर हवा राहू देऊ नका. शक्यतो तासा-दोन तासांत वापरा.

रस जिवंत आहे का ते गोठ्यातच कळते. चांगला रस हिरवट तपकिरी, किंचित घट्ट आणि उग्र पण न कुजलेल्या वासाचा असतो. सामूपट्टीवर ६ ते ७ दाखवतो. आंबट वास आणि दुधी रंग असला तर तो आम्लतेचा रस, टाकून द्या. २० मिलिलिटर रसात ०.०३ टक्के मिथिलीन ब्ल्यूचे १ मिलिलिटर द्रावण टाकले की तो निळा होतो. जिवाणू जोमात असतील तर तीन ते सहा मिनिटांत निळा रंग उडतो. पंधरा मिनिटे निळाच राहिला तर त्या रसाचा उपयोग नाही. जवळ सूक्ष्मदर्शक असेल तर कोमट काचेवर एक थेंब ठेवून पाहा. लहान-मोठे प्रोटोझोआ झपाझप फिरताना दिसले पाहिजेत. आजारी गाईच्या रसात आधी मोठे प्रोटोझोआ नाहीसे होतात.

मोठ्या गाईला ५ ते १० लिटर नळीने देतात, शेळीला अर्धा ते एक लिटर. गरज पडल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा. जुने लोक निरोगी गाईच्या तोंडातला रवंथाचा घास काढून आजारी गाईला खाऊ घालत, त्यामागचे तत्त्व हेच, फक्त मात्रा फार लहान. रस दिल्यावर चार दिवस मऊ हिरवे गवत आणि चांगला कडबा थोडा थोडा द्या, भरडा-पेंड नको. जंतूंना खायला काही नसेल तर दिलेला रस वाया जातो.

ससा स्वतःची लेंडी खातो

*ससे पहाटे स्वतःच्या लेंड्या खातात. रोखू का? – वाचक, वाई*

रोखू नका. सशाचे जंतू मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला असतात, तिथली प्रथिने आणि ब जीवनसत्त्वे त्याला एका फेरीत मिळत नाहीत. मऊ, ओलसर लेंडी तो गुदद्वारातूनच परत खातो. ती पिंजऱ्यात जमिनीवर पडलेली सापडू लागली तर ससा आजारी आहे किंवा खाद्यात तंतू कमी आणि पिठूळ भाग जास्त आहे. वाळलेले गवत वाढवा.

तणसाला युरिया

*आमच्याकडे जनावरांना तणसाशिवाय दुसरं काही नाही. युरिया लावून देतात असं ऐकलं, पण शेजाऱ्याचा बैल युरियानेच मेला. – शेतकरी, साकोली (जि. भंडारा)*

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तणसात, म्हणजे भाताच्या पेंढ्यात, नत्र इतके कमी असते की कोठीपोटातल्या जिवाणूंची वाढच खुंटते. युरियापासून बनणारा अमोनिया वापरून ते स्वतःची प्रथिने बनवतात आणि पुढच्या पोटांत गेल्यावर ते जिवाणूच पचून जनावराचे प्रथिन होतात. अमोनिया जिवाणूंच्या आवाक्याबाहेर गेला तर मात्र तो रक्तात जातो आणि जनावर मरते.

१०० किलो कोरड्या तणसाला ४ किलो युरिया आणि ४० ते ५० लिटर पाणी घ्या. युरिया पूर्ण विरघळवा, तळाशी एकही दाणा राहता कामा नये. जमिनीवर प्लॅस्टिक अंथरून १५-२० किलोचा थर पसरा, झारीने पाणी सारखे शिंपडा, पायाने तुडवून दाबा. थरावर थर देऊन शेवटी प्लॅस्टिकने झाका, कडा मातीने बुजवा. २१ दिवस उघडू नका. एका बाजूने रोज लागेल तेवढेच काढा, तासभर हवेत पसरून अमोनियाचा वास उडू द्या. तणस पिवळट तपकिरी आणि मऊ होते. काळे पडले, बुरशी आली, तर आत हवा शिरली किंवा पाणी जास्त झाले असे समजा. तो भाग खतात टाका.

पहिल्या दिवशी किलोभर द्या, आठ-दहा दिवसांत चार-पाच किलोंवर न्या. जिवाणूंना अमोनिया बांधून घ्यायला ऊर्जाही लागते, म्हणून सोबत थोडा हिरवा चारा, भरडा किंवा मळी हवीच. उपाशी जनावराला, सहा महिन्यांखालच्या वासराला, घोड्या-गाढवाला हे देऊ नका. कच्च्या सोयाबीनचा भरडाही बरोबर नको, त्यातले विकर युरिया झपाट्याने फोडते. युरियाचे पोते, विरघळवलेली बादली आणि धुतलेले पाणी जनावरांच्या तोंडाला लागणार नाही असे ठेवा. बरेचसे मृत्यू तयार तणसाने होत नाहीत, उघड्या बादलीने होतात.

विषबाधा अर्ध्या-एक तासात दिसते: थरथर, तोंडाला फेस, पोट फुगणे, झटके. गिळता येत असेल तर मोठ्या जनावराला २ ते ४ लिटर व्हिनेगर आणि त्यावर २० लिटरपर्यंत गार पाणी सावकाश पाजा आणि त्याच वेळी डॉक्टरांना फोन करा. गार पाण्याने युरिया फुटण्याचा वेग मंदावतो, व्हिनेगरने अमोनिया रक्तात जाणे थांबते. युरिया लावायच्या दिवसापासून व्हिनेगरच्या चार-पाच बाटल्या गोठ्यात आणून ठेवा. बाधा झाल्यावर दुकान शोधायला वेळ मिळत नाही.